सी८ टॉर्च : दहाव्या मिनिटाच्या उजेडाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२४

आजपासून ही वही सुरू. कामाला घेतलेली टॉर्च सी८ घडणीची आहे. एक १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल, पुढे ४२ मिमी तोंडाचा गुळगुळीत रिफ्लेक्टर, मागे बुडाला खटक्याचं बटण. आत क्री कंपनीचा एक्सपी-एल एलईडी, घुमटवाला, म्हणजे चिपवर पारदर्शक घुमट असलेला. ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर, प्रवाह ठरावीक ठेवणाऱ्या एएमसी७१३५ च्या आठ चिप, प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण २.८ अँपिअर.

बोलताना आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो आणि आत घालतो त्या बॅटरीला सेल. वहीत घोटाळा नको, म्हणून इथे टॉर्च म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल.

मला काय हवंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन भरकटलं तर या पानावर परत येता येईल. टॉर्चच्या खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा सुरुवातीचा असतो. एएनएसआय एफएल१ ही मापनाची पद्धत २००९ साली आली. तिच्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळात. त्यात लबाडी काही नाही, सगळ्यांसाठी एकच वेळ ठरवलेली आहे. पण रात्री मोकळ्या माळावर काही शोधायला निघालेला माणूस दोन मिनिटांत परतत नाही. मला दहाव्या मिनिटाचा उजेड वाढवायचाय. तोही होता होईल तो सेलमधून जास्त प्रवाह न ओढता.

३ नोव्हेंबर

मूळ मापं घेतली. ही नसतील तर पुढचं सगळं ‘मला वाटतं’वर चालेल.

खोलीचं तापमान २६ अंश. लांब बोळाच्या एका टोकाला टॉर्च घट्ट बसवली आणि ५ मीटरवर लक्समीटर, म्हणजे एका जागी पडणारा उजेड मोजणारं यंत्र. ताईला मीटर धरायला बसवलं. झोताचा सर्वांत प्रखर ठिपका शोधून ती आकडा वाचत होती.

३० सेकंदांना १,२४० लक्स. दहाव्या मिनिटाला ९८० लक्स.

लक्सला अंतराच्या वर्गाने गुणलं की कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, मिळतात. १,२४० गुणिले २५ म्हणजे ३१,०००. झोताचा पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं साधारण तेवढंच असतं. हिशेब सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं. ३१,००० चे ३५२ मीटर होतात. दहाव्या मिनिटाचे कँडेला २४,५०० आणि पल्ला ३१३ मीटर.

म्हणजे दहा मिनिटांत २१ टक्के उजेड गेला. डोळ्यांना हे अजिबात कळलं नव्हतं. डोळा हळूहळू होणारी घट सांभाळून घेतो, म्हणूनच मीटर लागतो.

५ नोव्हेंबर

उजेड का उतरतो? दोन संशयित आहेत. एक, सेल उतरल्याने प्रवाह कमी होतो. दोन, एलईडी तापतो.

प्रवाह मोजायला मल्टीमीटर मध्ये जोडला तर त्याच्या वायरी आणि आतला शंट (प्रवाह मोजायचा छोटा रोधक) मिळून इतका रोध वाढतो की टॉर्च स्वतःच मंद होते आणि मग आपण मंद टॉर्च मोजत बसतो. म्हणून बूड काढून तिथे जाड तांब्याच्या वायरीचा छोटा वेढा दिला आणि त्याभोवती डीसी क्लॅम्प मीटर अडकवला.

भरलेल्या सेलवर २.७८ अँपिअर. दहाव्या मिनिटाला २.७७. म्हणजे सेल निर्दोष. दहा मिनिटांतली सगळी घट उष्णतेची आहे.

पण सेल अर्धवट उतरलेला घेतला, स्थिर असताना ३.७ व्होल्ट दाखवणारा, तेव्हा प्रवाह २.१ वर आला. हा वेगळा दोष. ७१३५ ला आपलं काम करायला एलईडीच्या व्होल्टेजवर साधारण ०.१२ व्होल्टची शिल्लक लागते. ती उरली नाही की चिप प्रवाह राखू शकत नाही. मग शिल्लक कुठे खर्च होते? भरल्या सेलवर बुडाच्या स्प्रिंगच्या दोन टोकांवर मीटर लावला, ०.१४ व्होल्ट. ड्रायव्हरच्या स्प्रिंगवर ०.११. दोन स्प्रिंगा मिळून पाव व्होल्ट खात होत्या. एकट्या मागच्या स्प्रिंगमध्ये जवळपास ०.४ वॅट नुसती ऊब होऊन जात होती.

९ नोव्हेंबर

स्प्रिंगांना बगल दिली. २२ गेजची सिलिकॉन वेष्टणाची मऊ वायर स्प्रिंगच्या आतून घेतली, एक टोक तळाशी आणि दुसरं माथ्याशी डाग देऊन पक्कं केलं. वायर कडक असली की स्प्रिंग दबत नाही आणि सेल हलला की टॉर्च लुकलुकते, म्हणून थोडी सैल कमान ठेवली. माथ्यावरचा डाग कानशीने सपाट केला.

आता दोन्हीकडे ०.०२ व्होल्ट. ३.७ व्होल्टच्या सेलवर २.७६ अँपिअर.

भरल्या सेलवरचा लक्सचा आकडा मात्र आहे तिथेच आहे. व्हायलाही तसंच हवं, कारण प्रवाह चिप ठरवतात. स्प्रिंगला वायर जोडली की टॉर्च ‘जास्त प्रखर’ होते असं बरेच जण सांगतात. ते खरं ठरतं थेट जोडणीच्या, म्हणजे फेट ड्रायव्हरच्या टॉर्चमध्ये. तिथे प्रवाह अडवणारा फक्त रोध असतो. ठरलेल्या प्रवाहाच्या ड्रायव्हरमध्ये फायदा होतो तो सेल उतरताना.

१० नोव्हेंबर

डोकं उघडलं. एलईडीचा बोर्ड ज्यावर बसतो ती पिल पितळेची आणि आतून पोकळ आहे. वर जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीची कड आणि मध्ये भोक. बोर्ड त्या कडेवर टेकलेला, खाली हवा. बोर्ड ॲल्युमिनियमचा, आणि त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांखाली विद्युतरोधक थर. वर थर्मल पेस्टचा एकच ठिपका, तोही एका बाजूला घसरलेला.

वाट कशी आहे पाहा. तांब्याची उष्णतावहनाची क्षमता ४०० च्या घरात, पितळेची १२० च्या आसपास, चांगल्या पेस्टची एक आकडी आणि हवेची ०.०३ सुद्धा नाही. एकक सगळीकडे वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. एलईडीखालच्या सर्वांत तापणाऱ्या जागी नेमकी हवाच होती. एलईडीने तयार केलेली ऊब आधी रोधक थर ओलांडते, मग पातळ बोर्डातून आडवी कडेपर्यंत जाते, मग कडेवरून पितळेत उतरते. शिवाय तापला की एलईडी कमी उजेड देतो, म्हणजे त्याच विजेतला आणखी मोठा वाटा उष्णतेत जातो.

काम इथेच आहे, स्प्रिंग म्हणजे नुसती तयारी होती.

१६ नोव्हेंबर

आजचा सगळा दिवस पिलवर गेला, आणि गेला याचं समाधान आहे.

३ मिमी जाडीच्या तांब्याच्या पट्टीतून चकती कापली. कानशीने घासत घासत पिलच्या भोकात घट्ट बसेल इतकी आणली. घाईत एकदा जास्त घासली गेली आणि ती चकती वाया गेली. दुसरीला बोटाने फिरवून पाहत पाहत वेळ दिला. दोन वायरींसाठी दोन भोकं पाडली, त्यांच्या कडा गोल केल्या आणि वर वेष्टण घातलं. धारदार कडेवर वायरीचं वेष्टण कापलं गेलं तर सेल थेट शॉर्ट होतो. एकट्या लिथियम-आयन सेलमधूनही हात भाजण्याइतका प्रवाह निघतो, इथे चालढकल नको.

जोडणीसाठी तीन तऱ्हेचं सोल्डर वापरायचं ठरवलं, वितळणबिंदूच्या उतरत्या क्रमाने. चकती पिलमध्ये बिनशिशाच्या सोल्डरने, जे २१७ अंशांच्या पुढे वितळतं. एलईडी नव्या बोर्डावर ६३-३७ च्या कथील-शिसे मिश्रणाने, १८३ अंश. आणि बोर्ड चकतीवर कथील-बिस्मथच्या मिश्रणाने, १३८ अंश. प्रत्येक पुढचं काम आधीच्या जोडाला धक्का न लावता होतं. पितळ आणि तांबं दोन्हींवर सोल्डर छान पसरतं. ॲल्युमिनियमची पिल असती तर हा मार्ग नव्हता, पेस्टवरच भागवावं लागलं असतं.

एक काळजी घेतली आणि ती ठळक लिहून ठेवतो : बिस्मथचं सोल्डर शिशाच्या सोल्डरला लागू द्यायचं नाही. कथील, शिसं आणि बिस्मथ तिन्ही मिसळले की १०० अंशांच्याही आत वितळणारं मिश्रण बनतं, आणि एलईडीखाली तेवढं तापमान येऊ शकतं. म्हणून बोर्डाची खालची बाजू स्वच्छ ठेवली आणि शिशाचं काम वेगळ्या टोकाने केलं.

नवा बोर्ड तांब्याचा, ज्यात एलईडीचा मधला उष्णतेचा पॅड थेट तांब्याला टेकतो, मध्ये रोधक थर नाही. एलईडी मात्र मुद्दाम जुनाच ठेवला. तो तापपट्टीवर सुटा केला आणि नव्या बोर्डावर ठेवला. सोल्डर वितळलं की ३.४५ मिमीचा तो चौकोन स्वतःहून सरकत जागेवर बसतो. चिमट्याने कडेला हलकेच टिचकी मारली की परत मधोमध येतो. तो परत आला की समजायचं, तिन्ही पॅड पकडले. घुमटावर दाब द्यायचा नाही, तो मऊ असतो.

एलईडीही आजच बदलायचा मोह होता. आवरला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने किती फरक पडला ते कधीच कळत नाही.

१७ नोव्हेंबर

तीच खोली, तोच बोळ, तोच सेल ४.२० पर्यंत भरून.

३० सेकंदांना १,२७५ लक्स. दहाव्या मिनिटाला १,१३५.

घट ११ टक्क्यांवर आली. दहाव्या मिनिटाचा उजेड मूळ ९८० च्या तुलनेत जवळपास १६ टक्के जास्त, आणि सेलमधून एक मिलिअँपिअरही जास्त नाही. हा आकडा पाहून मी मापं पुन्हा घेतली. पुन्हा तेच.

डोक्याच्या बाहेरच्या तापमानाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दहाव्या मिनिटाला आधी ४७ अंश होतं, आता ४८. ताईने विचारलं, ‘उष्णता जास्त बाहेर येतेय म्हणतोस, मग टॉर्च आणखी गरम का नाही?’ तिचा प्रश्न बरोबर होता. एलईडी जेवढी ऊब तयार करतो तेवढी शेवटी बाहेर येतेच, वाट अरुंद असो की रुंद. अरुंद वाटेत फक्त आतलं तापमान चढत जातं, इतकं की त्या चढाच्या जोरावर ऊब रेटली जाते. आम्ही बाहेरचं तापमान नाही, आतला आणि बाहेरचा फरक कमी केला. वेगळेपण दिसतं ते पहिल्या मिनिटात, आता डोकं लवकर कोमट होतं.

आजपासून मापं १० मीटरवर. दूर फेकणाऱ्या टॉर्चचा झोत जवळ पुरता जुळलेला नसतो, आकडा कमी येतो. १० मीटरवर आत्ता ३३१ लक्स, म्हणजे ३३,१०० कँडेला. ५ मीटरच्या मापावरून ३१,९०० च्या आसपास येत होते.

२३ नोव्हेंबर

आता पल्ला. त्यासाठी ल्युमेन वाढवणं ही चुकीची वाट आहे.

रिफ्लेक्टरसमोर दूर उभं राहून टॉर्चकडे पाहिलं, अर्थात सर्वांत मंद मोडमध्ये आणि काचेवर चार पदरी कागद धरून, तर सगळा रिफ्लेक्टर एलईडीच्या रंगाने भरलेला दिसतो. दूरच्या माणसाला तो एलईडीच्याच पृष्ठभागाचा मोठा झालेला तुकडा असतो. म्हणून झोताची तीव्रता दोन गोष्टींवर ठरते : एलईडीच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मिलिमीटरमधून किती प्रखर उजेड निघतो, आणि रिफ्लेक्टरचं तोंड किती मोठं आहे. एकूण ल्युमेन यात थेट येतच नाहीत. दुप्पट ल्युमेनचा पण चौपट पसरलेला एलईडी याच रिफ्लेक्टरमध्ये कमी लांब फेकेल.

घुमट इथे आड येतो. तो एलईडीतून जास्त उजेड बाहेर काढतो खरा, पण भिंगासारखा चिपला मोठं करून दाखवतो, आणि तोच उजेड मोठ्या क्षेत्रावर पसरतो.

दोन उमेदवार. एक्सपी-एलचाच एचआय प्रकार, घुमट नसलेला, चिप सुमारे ४ चौरस मिमी. आणि ऑस्रामचा सीएसएलपीएम१.टीजी, हौशी लोक ज्याला डब्ल्यू२ म्हणतात, चिप सुमारे २ चौरस मिमी, तोही सपाट.

आधी डब्ल्यू२. पिल १५० अंशांवर नेली, बिस्मथ वितळलं, जुना बोर्ड एलईडीसकट अलगद उचलला गेला. त्या उतरत्या क्रमाचा हा दुसरा फायदा. नवा बोर्ड बसवला.

१० मीटरवर ८८० लक्स. ८८,००० कँडेला, पल्ला ५९३ मीटर. मूळ ३५२ होता. मीटरचा आकडा ओरडून वाचताना ताईचाही आवाज चढला होता.

३० नोव्हेंबर

अमावस्येची रात्र, मोकळा माळ. आधीच अंतर मोजून ठेवलेल्या ठिकाणी पांढरी फडकी बांधलेली होती, १००, २०० आणि ३०० मीटरवर.

३०० मीटरवरचं फडकं डब्ल्यू२ ने लख्ख दाखवलं. पण ते आधी सापडायला हवं होतं. ठिपका इतका बारीक की हात किंचित हलला की फडकं अंधारात. आणि ठिपक्याबाहेरचा फैलाव इतका फिका की पायाखालचा दगड दिसला नाही, मी दोनदा ठेचकाळलो. कुठे बघायचं हे ठाऊक असेल तर हा एलईडी उत्तम. शोधायचं असेल तेव्हा मात्र माणूस सुईच्या भोकातून माळ बघतो.

आणखी एक गोष्ट हवेची. गारव्यात दमटपणा होता आणि झोत दांड्यासारखा दिसत होता. टॉर्च डोळ्यांजवळ धरली की त्या दांड्याचीच चमक डोळ्यांत येते आणि लांबचं दिसेनासं होतं. कमरेशी, हात लांब करून धरली की फरक पडतो.

डब्ल्यू२ डबीत ठेवला. एवढा सुंदर आकडा सोडून द्यायला जड गेलं, पण २ तारखेच्या पानावर ‘शोधायला’ असंच लिहिलंय.

७ डिसेंबर

एचआय बसवला. संध्याकाळ एका दोषाच्या मागे गेली.

टॉर्च लावली तर झगझगीत उजेड. मोड बदलला, तसाच. सर्वांत मंद मोड, तरीही तसाच. क्लॅम्पवर ४.९ अँपिअर. लगेच बंद केली.

विचार करत गेलो. ७१३५ एलईडीच्या ऋण बाजूला बसते, धन बाजू सेलमधून थेट येते. प्रवाह चिपांना न जुमानता वाहतोय, म्हणजे एलईडीचं ऋण टोक चिपांना वळसा घालून कुठेतरी थेट जमिनीला, म्हणजे टॉर्चच्या देहाला लागतंय. देहाला जोडलेली आणि बोर्डाच्या इतक्या जवळची वस्तू एकच, रिफ्लेक्टर. उघडला. बुडाला चमकदार ओरखडा, आणि त्याच जागी बोर्डावर ऋण वायरीचा उंच डाग.

हाच स्पर्श धन डागाला झाला असता तर एलईडी वाचला असता पण सेल सरळ शॉर्ट झाला असता. डब्ल्यू२ च्या वेळी असं झालं नाही ते नशीब. तेव्हा डाग योगायोगाने ठेंगणे होते.

दोन्ही डाग कापून सपाट केले, वायरी आडव्या झोपवल्या, रिफ्लेक्टरच्या बुडाला कॅप्टॉन टेपचं, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या आणि उष्णता सोसणाऱ्या टेपचं कडं लावलं. आता जोडणी झाल्यावर सेल घालण्याआधी मल्टीमीटरने देह आणि दोन्ही डाग तपासतो, त्यांच्यात वीज वाहत नाही याची खात्री करूनच पुढे.

प्रवाह २.७७. मोड आपापल्या जागी.

८ डिसेंबर

झोताच्या मधोमध करडा डाग, आणि १० मीटरवर फक्त ४४१ लक्स. एलईडी रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर नाही. घुमट गेल्याने उंची बदलली आणि मध्यकडं, म्हणजे एलईडीला रिफ्लेक्टरच्या मधोमध धरणारं कडं, मात्र जुन्याच जाडीचं. ते पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यात घासत दशांश मिलिमीटरने कमी करत गेलो, प्रत्येक वेळी जोडून मीटर पाहिला. ४४१, ४६८, ५०३, ५२०, ५११. एक घास जास्त झाला होता. टेपचा एक थर देऊन ५२० वर परत आणला.

५२,००० कँडेला, ४५६ मीटर. डब्ल्यू२ पेक्षा ठिपका रुंदीने साधारण दीडपट, क्षेत्रफळाने दुप्पट. छताकडे रोखून खोलीतला परावर्तित उजेड मोजला तर घुमटवाल्या एलईडीच्या १०० ला हा ९१ भरतो. एकूण उजेड कमी आणि पल्ला जास्त, २३ तारखेचा तर्क इथे मीटरवर उतरला.

दहाव्या मिनिटाला ४६२ लक्स.

१४ डिसेंबर

आता तो प्रयोग, जो न करता मला चैन पडलं नसतं : प्रवाह वाढवणं. आठ चिपांपैकी चारांच्या पाठीवर आणखी चार चिप रचून डाग दिले. पायांवर पाय बरोबर ठेवायचे, मधला पाय पाठीच्या पत्र्याशी जोडलेला असतो. एकूण १२, हिशेबाने ४.२ अँपिअर, मोजले ४.१६. एक्सपी-एलची कागदावरची कमाल मर्यादा ३ अँपिअर आहे हे माहीत होतं.

३० सेकंदांना ६५५ लक्स. दहाव्या मिनिटाला ४९८. डोकं ५९ अंश, हातात धरवेना.

आठ चिपांचे आकडे शेजारी ठेवतो. ५२० आणि ४६२. म्हणजे प्रवाह दीडपट केला तेव्हा सुरुवातीला २६ टक्के उजेड वाढला, आणि दहाव्या मिनिटाला उरले ८ टक्के. पल्ला वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे पल्ल्यात फक्त ४ टक्के. बदल्यात ३,००० मिलिअँपिअर-तासाचा सेल हिशेबाने ६४ मिनिटांऐवजी ४३ मिनिटांत संपतो.

ताईला न सांगता एकदा आठ चिपांचा आणि एकदा बारा चिपांचा ड्रायव्हर लावून भिंतीवर दाखवला. मधल्या जोडणीत पाच मिनिटं गेली. ‘सारखंच वाटतंय,’ म्हणाली. पाच मिनिटांच्या अंतराने पाव हिस्स्याचा फरक डोळा ओळखत नाही. दुप्पट प्रखर भासायला साधारण चौपट उजेड लागतो.

२१ डिसेंबर

चारही चिप उतरवल्या. २.७८ अँपिअर.

पिलच्या आट्यांवर पेस्टचा अगदी पातळ थर दिला. आट्यांतूनच जमिनीची जोडणी जाते, म्हणून घट्ट आवळल्यावर बुडाकडचा प्रवाह पुन्हा पाहिला. फरक नाही.

२२ डिसेंबर

साधी काच काढून परावर्तनरोधी लेपाची काच घातली. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठाकडून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, दोन पृष्ठांचे ८. नव्या काचेने ५२० चे ५४५ झाले. एवढ्या सोप्या बदलाला सात आठवडे थांबायला नको होतं, पण मग आधीचे आकडे एकमेकांशी जुळले नसते.

रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीस. बुडाच्या आट्यांवर ॲनोडायझिंगचा, वीज न वाहू देणारा थर आहे, म्हणून बूड पाव फेरा सैल केलं की वीज तुटते. पिशवीत टाकताना ते करायचं. या टॉर्चचा झोत चुकून बंद पिशवीत लागला तर कापड करपेल.

२८ डिसेंबर

शेवटची मापं, दुपारी घरात आणि रात्री माळावर.

खोली २३ अंश, टॉर्च टेबलावर, हात न लावता. ३० सेकंदांना ५४५ लक्स, दहाव्या मिनिटाला ४८४. कँडेलात ४८,४००, पल्ला ४४० मीटर. २ नोव्हेंबरच्या टॉर्चचा याच मिनिटाचा पल्ला ३१३ होता, आणि दोन्ही वेळी सेलमधून निघणारा प्रवाह २.८ अँपिअरच्या आतच.

४४ व्या मिनिटापर्यंत प्रवाह २.७ च्या वर राहिला, मग सावकाश उतरत गेला. चाळिसाव्या मिनिटाला डोकं ५६ अंश, त्यानंतर चढलं नाही. ७१ व्या मिनिटाला ड्रायव्हरने लुकलुकून इशारा दिला. सेल काढून मोजला, ३.१ व्होल्ट.

रात्री माळावर फडकी ताईने बांधली, मला जागा न सांगता. टॉर्च लावून दहा मिनिटं तशीच ठेवली, मग शोधायला सुरुवात केली. १०० चं लगेच. २०० चं बाभळीच्या आडून अर्धं डोकावत होतं, तरी ठिपक्याच्या कडेच्या उजेडात पहिल्याच फेरीत दिसलं. ३०० चं सापडायला दोन फेऱ्या लागल्या, कारण ते तिने जमिनीलगत बांधलं होतं. चालताना पायाखालचे दगड दिसत होते.

परत येताना टॉर्च ताईच्या हातात होती. तिने मधल्या मोडवर घेतली आणि मला परत दिली नाही.

उरलेलं काम : बुडाच्या बटणाचं रबर एका बाजूला चिरलंय, ते बदलायचं. दुसरा सेल भरून त्याचा आतला रोध मोजायचा.